टेबलटॉप इलेक्ट्रिक चाक: नागपुरात घरी पुन्हा मातीकाम सुरू करायचं असेल तर

25 सेंटीमीटरची थाळी, 250 ते 350 वॅटची मोटर, भोवती दोन तुकड्यांचा प्लॅस्टिकचा टब आणि पायाशी एक पेडल. ऑनलाइन निरनिराळ्या नावांनी विकलं जाणारं टेबलटॉप चाक बहुतेक याच साच्यातलं असतं. पूर्वी चाकावर हात बसलेला आहे, मधे काही वर्षं माती सुटली आणि आता पुन्हा सुरू करायचंय, अशा हौशी माणसाने ते घ्यावं का? घ्यावं, पण दीड किलो मातीपर्यंतचंच काम करायचं असेल तर. आणि हेही धरून चालावं की नागपुरात चाकापेक्षा माती आणि हवाच जास्त छळतात.

जाहिरातीत 'दहा किलो पेलतं' असं लिहिलेलं असतं. थाळीवर दहा किलो ठेवले तर थाळी मोडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. सेंटरिंग करताना, म्हणजे माती थाळीच्या मधोमध आणताना, आपण तिला बाजूने आणि वरून दाबतो, तेव्हा मोटरला जोर लागतो आणि तिथे हे चाक दोन किलोच्या पुढे दम टाकतं. फेरे मंदावतात, हात जरा सैल केला की एकदम वाढतात, आणि मधोमध आलेली माती पुन्हा हलते. बरीच वर्षं चाकावर न बसलेल्या माणसाला वाटतं की आपलाच हात गेला. हात गेलेला नसतो. तोच माणूस 500 ग्रॅमचा गोळा लावून बघेल तर दोन मिनिटांत माती शांत फिरायला लागते.

खरी उणीव कमी वेगाची आहे. सेंटरिंगला मिनिटाला 200च्या आसपास फेरे, भिंत ओढायला (माती वर खेचून भांड्याची बाजू उभी करायला) 80 ते 120, आणि काठ नीट करायला, चमचाभर स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) फिरवायला 40-50 लागतात. या चाकाचा वरचा वेग भरपूर आहे, पण 60च्या खाली ते झटके देत फिरतं. काठावर बोट धरलं की प्रत्येक झटक्याची बारीक लाट उमटते. यावर तोडगा एकच: काठ 70-80 फेऱ्यांवरच ओल्या शॅमॉय कातड्याने दाबून घ्यायचा आणि रंगाचे पट्टे ओढायला हाताने फिरणारी वेगळी बँडिंग व्हील वापरायची.

खोकं उघडल्याबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात. थाळीच्या कडेजवळ सुई स्थिर धरून चाक सावकाश फिरवावं. सुई आणि कडेतलं अंतर मिलिमीटरभराहून जास्त कमी-अधिक होत असेल तर थाळी किंवा शाफ्ट वाकडा आहे, परत करा. एक किलो माती लावून दोन्ही तळव्यांनी दाबा आणि मोटरचा आवाज ऐका. घुरघुर करत थांबत असेल तर वेग सांभाळणारा कंट्रोलर कमकुवत आहे. तिसरं म्हणजे व्होल्टेज: लेबलवर 220 किंवा 230 लिहिलेलं पाहिजे, कारण 110ची चाकंही बाजारात फिरतात. पिन तीनच असावी, आणि ज्या बोर्डाला अर्थिंग नाही तिथे ओल्या हातांनी हे चाक चालवूच नये. घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर उत्तम.

नाव टेबलटॉप असलं तरी ते टेबलावर ठेवू नका. टेबलावर ठेवलं की कोपर हवेत राहतात आणि मातीला दाबायला आधारच उरत नाही. चाक जमिनीवर रबरी मॅटवर ठेवावं, थाळी साधारण गुडघ्याच्या उंचीला यावी, आपण बुटक्या स्टुलावर बसावं आणि कोपर मांडीवर टेकवावं. चाक वजनाला हलकं आहे, मॅट नसेल तर फरशीवर सरकत जातं. टबाचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथून माती-पाण्याची रबडी झिरपते. शाफ्टच्या भोकातून ती आत गेली की बेल्ट घसरायला लागतो, बेअरिंग कुरकुरतं. टब निम्मा भरायच्या आत स्पंजने उपसत राहावं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बॅटची (थाळीवर बसवायच्या सुट्या चकतीची) भोकं 10 इंच अंतरावर असतात, ती 25 सेंटीमीटरच्या थाळीवर बसणारच नाहीत. थाळीवर मातीचा पातळ थर चोपडून त्यावर 6 मिमी वॉटरप्रूफ प्लायची गोल चकती दाबून बसवली तरी काम भागतं.

आता माती. शहराभोवतीची काळी माती फुकट दिसते म्हणून मोह होतो. ती ओली असताना फुगते आणि वाळताना इतकी आकसते की भांडं वाळायच्या आधीच तडकतं. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, भांडं बाहेर आल्यावर तो हवेतली ओल ओढून फुगतो, आणि आठवड्याभरात भांड्याच्या अंगावरून नाण्याएवढ्या टिकल्या उडतात. वाळलेल्या मातीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका; फसफसलं तर ती माती चाकासाठी नाही. महालातल्या चितारओळीत मूर्तींसाठी माती येते, पण मूर्तीची माती हाताने थापायला तयार केलेली असते, तिच्यावर भिंत ओढता येईलच असं नाही. मडकी घडवणाऱ्या कुंभाराकडून घेतलेली लाल माती त्यापेक्षा बरी. ती पाण्यात भिजवून 60 मेशच्या (इंचात 60 छिद्रांच्या) चाळणीतून गाळावी, खाली बसल्यावर वरचं पाणी काढावं, प्लास्टरच्या लादीवर घट्ट होऊ द्यावी. मोठ्या भांड्यांसाठी तिच्यात 10 टक्के बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) मिसळला तर आकसणं कमी होतं. स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची) तयार माती कुरिअरने मागवता येते, मात्र वजनामुळे वाहतुकीचा खर्च चांगलाच बसतो.

माती कोणतीही असो, आधी एक पट्टी करा: 14 सेंटीमीटर लांब, 1 सेंटीमीटर जाड, वर बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ. वाळल्यावर आणि भाजल्यावर ती रेघ मोजा. 9 सेंटीमीटर भरली तर माती 10 टक्के आकसते, म्हणजे 9 सेंटीमीटर उंचीचा मग हवा असेल तर चाकावर 10चा काढायचा. ही पट्टी न करता झाकणाची भांडी करायला बसू नये.

वाळवणं हा नागपूरचा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात पारा 45च्या आसपास असतो आणि हवा कोरडी. काठ तासाभरात पांढरा पडतो, तळ मात्र अजून ओलाच. मग काठ आकसतो, तळ अडून बसतो आणि तळाला इंग्रजी एसच्या आकाराची भेग जाते. त्यातच घरात कूलर चालू असतो. कूलरच्या झोताकडची बाजू आधी वाळते, वाटीचा गोल लंबगोल होतो. म्हणून उन्हाळ्यात भांडं चाकावरून उतरताच काठावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी आणि भांडं कूलर नसलेल्या खोलीत ठेवावं. घडवतानाही तळ मधून बाहेर आणि बाहेरून मधे असा दोन-तीनदा बोटाने दाबून घ्यावा, आत साचलेलं पाणी स्पंजने टिपावं. एस भेगेचं निम्मं कारण तिथेच असतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलटंच होतं. आठवडा उलटतो तरी भांडं आतून ओलं राहतं. गालाला लावून पाहावं, गार लागलं तर भट्टीत नको. आतल्या पाण्याची वाफ झाली की भांडं फुटतं, शेजारच्याचीही वाट लावतं.

या चाकावर कामात किती पुढे जाता येतं, हे खरेदीच्या आधी कळलेलं बरं. सुरुवातीला 400-450 ग्रॅमचे सारख्या वजनाचे गोळे तराजूवर मोजून घ्यावेत आणि फक्त सिलिंडर काढावेत. प्रत्येक सिलिंडर तारेने उभा चिरून भिंत बघावी. खाली 8 मिमी आणि वर 3 असेल तर तळाजवळची माती वर आलेलीच नाही. पहिले सगळे चिरून पुन्हा मळायला टाकायचे, एकही ठेवायचा नाही. हे जड जातं, पण हात परत येतो तो यानेच. मग 600-700 ग्रॅमची वाटी, मग काठाच्या आतल्या खाचेत बसणारं झाकण, मग 1 किलोची 18-20 सेंटीमीटरची ताटली. ताटली ही या चाकाची हद्द. 20 सेंटीमीटरहून उंच सुरई किंवा दोन तुकड्यांत जोडायची भांडी करायची ओढ लागली की हे चाक अपुरं पडतं, मोठ्या थाळीचं स्टुडिओ चाक लागतं. हौशी माणसाला तिथवर यायला बराच काळ लागतो आणि तोवर हे चाक पुरतं.

चाकासोबत भट्टी येत नाही, आणि इथेच बरेच जण अडकतात. पैसे घेऊन बाहेरच्यांची भांडी भाजून देणारा स्टुडिओ आधी शोधा, मग चाक मागवा. त्यांना विचारायचं ते एवढंच: बिस्क (पहिली भाजणी) किती तापमानाला, ग्लेझ (काचेसारखा लेप चढवून केलेली दुसरी भाजणी) किती तापमानाला, आणि बाहेरची माती घेता का. बिस्क 950 ते 1000 अंशांना होतं, त्याला कुंभाराची लाल माती चालते. पण तीच माती 1220 अंशांच्या स्टोनवेअर ग्लेझच्या भट्टीत गेली तर फुगते, वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटते, आणि शेल्फचे पैसे तुमच्या नावावर लागतात. त्यामुळे मातीचा छोटा तुकडा आधी स्टोनवेअरच्या जुन्या ताटलीत ठेवून भाजून मागावा.

साफसफाईची रबडी सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. दोन बादल्या ठेवा. रात्रभरात गाळ बसतो, वरचं पाणी पुन्हा कामाला येतं. वाळलेली माती झाडूने झाडली तर सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते, फरशी ओल्या फडक्यानेच पुसावी. आणि विक्रेत्याला पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या की बेल्ट आणि कंट्रोलर सुटे मिळतात का, कारण ही चाकं बंद पडतात ती बहुधा याच दोन भागांमुळे. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा विक्रेता बघा.