जनाबाईंचे अभंग आणि ‘कायमस्वरूपी’ हा शब्द

परभणी जिल्ह्यातील आमच्या भजनी मंडळाने संत जनाबाईंच्या आठ अभंगांना स्वतःच्या चाली लावून ते ध्वनिमुद्रित करण्याचे ठरवले, तेव्हा आम्ही वहीत दोन रकाने आखले होते. ‘जमेच्या बाजू’ पानभर झाल्या: जनाबाईंचे गंगाखेड जवळच, अभंग सातशे वर्षांपूर्वीचे असल्यामुळे शब्दांवर कोणाचा हक्क नाही, गळा आणि पखवाज घरचाच. ‘धोके’ या रकान्यात मात्र ‘पाऊस’ एवढेच लिहिले होते, कारण चित्रीकरण गोदाकाठी करायचे होते.

प्रसिद्धीचे काम करणारे एक गृहस्थ ओळखीतून आले. चाळीस हजार रुपयांत महिन्याभरात एक लाख व्ह्यूज मिळवून देण्याची हमी त्यांनी दिली. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले होते, त्यामुळे वर्गणी चार दिवसांत जमली. चॅनल त्यांनीच स्वतःच्या ईमेलवर उघडला. तेव्हा ती आम्हाला सोयच वाटली.

लाख व्ह्यूज खरोखर आले, मात्र प्रतिक्रिया एकही नाही. आकडेवारी दाखवा म्हटले की ते मोबाइलवरचा फोटो पाठवत. अखेर आमच्यातल्या एकाच्या भाच्याने हट्टाने चॅनलची आतली आकडेवारी पाहिली, तेव्हा सात मिनिटांचा अभंग लोकांनी सरासरी सहा सेकंद ‘ऐकला’ होता आणि बहुतेक प्रेक्षक परदेशातले होते. यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न मिळण्यासाठी १००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण लागते. एक लाख वेळा सहा सेकंद म्हणजे जेमतेम १६७ तास. शिवाय असे विकत घेतलेले व्ह्यूज यूट्यूब मोजणीतून वगळते, आणि आमचेही पुढे वगळले गेले.

पैसे गेल्याचे दुःख आम्ही गिळले असते. खरा घाव करारपत्राचा होता. तेच ध्वनिमुद्रण आम्ही स्वतःच्या नव्या चॅनलवर टाकले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गृहस्थांचा स्वामित्वहक्काचा दावा आला. वकिलांनी सांगितले की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्काच्या हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आमच्या करारात मात्र ‘कायमस्वरूपी’ हा शब्द स्पष्ट छापलेला होता आणि खाली अध्यक्ष या नात्याने माझी सही होती. मुळात ज्याला फक्त प्रसिद्धी करायची आहे, त्याला ध्वनिमुद्रणाचा हक्क कशासाठी हवा, एवढा साधा प्रश्न मी, आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेल्या माणसाने, विचारला नाही.

सध्या आम्ही त्याच चालींवर नव्याने ध्वनिमुद्रण करावे का, याचा सल्ला घेत आहोत, कारण त्या करारात चालींचा उल्लेख नाही, असे वकिलांचे म्हणणे आहे. या वेळचा करार मराठीत लिहून मागितला आहे. वहीतील ‘धोके’ हा रकाना आता दोन पाने झाला असून ‘पाऊस’ त्यात शेवटी आहे.