मोठ्या सापांसाठी सेक्सिंग प्रोब संच : सळ्या सहा, कामाच्या दोनच

बोआ किंवा बर्मीज पायथन नर आहे की मादी, हे नुसतं बघून ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. अवसारणीच्या (शेपटीच्या मुळाशी असलेल्या, मलमूत्र आणि जननाच्या सामाईक छिद्राच्या) दोन्ही बाजूंची नखं, म्हणजे मागच्या पायांचे अवशेष, नराला सहसा मोठी असतात, पण झिजलेल्या नखांचे नर आणि लांब नखांच्या माद्या दोन्ही आढळतात. ग्रीन अॅनाकोंडात ही खूण बऱ्यापैकी चालते, बाकीच्यांत तिच्या भरवशावर जोडी लावू नका. शेपटीचं मूळ दाबून अवयव बाहेर काढण्याची ‘पॉपिंग’ची युक्ती पिल्लांपुरतीच. मोठ्या सापाचे स्नायू दाद देत नाहीत आणि जोर लावला तर इजा होते. राहतो प्रोब : अवसारणीतून शेपटीकडे सरकवून किती खोल जाते यावरून नर-मादी ओळखायची सळई.

ऑनलाइन सगळीकडे मिळतो तो साधा संच असा : स्टेनलेस स्टीलच्या सहा सळ्या, टोकाला बारीक गोळी, रेक्झिनचं पाकीट. जाडी साधारण १ ते ४ मिमी. मोठ्या सापाच्या मालकाला यातल्या शेवटच्या दोनच उपयोगी. बारीक सळ्या पिल्लांच्या. मोठ्या सापात त्या सुईसारख्या टोचतात. अलगद जाईल ती सर्वांत जाड सळई वापरायची, हा नियम. साडेतीन-चार मीटरच्या सापाला ४ मिमीसुद्धा जरा बारीकच, त्यामुळे ५ मिमीची सुटी मिळाली तर संचाच्या नादी लागू नका. लांबीही बघा. मोठ्या नरात सळई आठ-दहा सेंटिमीटर आत जाऊ शकते, म्हणून हातात धरायला जागा सोडून किमान पंधरा सेंटिमीटर हवी.

आल्याबरोबर प्रत्येक टोक कापसाच्या बोळ्यावरून फिरवा. एक जरी तंतू अडकला, तरी गोळीवर कंगोरा आहे असं समजून ती सळई बाजूला काढा. स्वस्त संचांचं खरं दुखणं हेच. जाडीचे आकडेही सळ्यांवर कोरलेले नसतात; व्हर्नियरने मोजून मार्करने लिहावे लागतात.

वापरताना घाई नको. साप नुकताच जेवला असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर भक्ष्य ओकून टाकतो. मादी गाभण असल्याचा संशय असेल तर हात लावू नका. सळई क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकात बुडवून पाण्याने धुवा. जंतुनाशक तसंच राहिलं तर आतली त्वचा जळजळते. मग पाण्यात विरघळणारी जेली भरपूर लावा. अडीच-तीन मीटरच्या सापाला दोन माणसं हवीतच : एकाने डोकं आणि धड सांभाळायचं, दुसऱ्याने शेपूट उलटी धरायची. अवसारणीवरचा खवला अंगठ्याने डोक्याच्या दिशेने सरकवा. सळई मधोमध नाही, तर एका कडेला, शेपटीच्या टोकाकडे तोंड करून, बोटांत हलकेच फिरवत सरकवा. थांबली की थांबायचं. अवसारणीच्या कडेला सळईवर नख टेकवा, बाहेर काढून शेपटीवर बाहेरून ठेवा आणि तेवढ्या लांबीत शेपटीखालचे खवले किती येतात ते मोजा. पायथनमध्ये हे खवले बहुतेक जोडीने असतात. जोडी म्हणजे एक. बोआत एकेकटे असतात. इथे गडबड झाली की आकडा थेट दुप्पट होतो.

नरात सळई हेमिपेनिसच्या (नराच्या जननेंद्रियाच्या) उलट्या पिशवीत जाते : साधारण आठ ते पंधरा खवले. मादीत गंधग्रंथीपाशी अडते : दोन ते चार. पाच-सहा आलं तर निकाल देऊ नका. दुसरी बाजू बघा, तरीही तेच आलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा. चुका दोन्हीकडून होतात. नराने स्नायू आवळले किंवा पिशवीत वाळलेल्या स्रावाचा बोळा अडकला असेल, तर तो मादी ठरतो. मादीत जोर लावला तर पडदा फाटून सळई खोल जाते, मादी नर ठरते आणि वर जखम. खोल गेलं म्हणजे नर, एवढ्यावर विसंबू नका. किती सहज गेलं हेही बघा. सळईला रक्त दिसलं तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा.

पक्ष्यांची डीएनए चाचणी करणाऱ्या लॅबला कात पाठवून भागेल, हा समज सोडा. पक्ष्यांत लिंग झेड आणि डब्ल्यू गुणसूत्रांवर ठरतं. बोआ आणि पायथनमध्ये एक्स-वाय पद्धत असल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. त्याच जातीसाठी बनवलेली चाचणी मिळाली तर उत्तमच.

भारतातल्या वाचकांसाठी : आपला अजगर आणि ईशान्येत आढळणारा बर्मीज पायथन घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. इथे हा संच नोंदणी केलेल्या बॉल पायथन आणि बोआपुरताच. बॉल पायथनला मधल्या दोन सळ्या पुरतात, तेव्हा त्यांच्या मालकाला संच महाग पडत नाही. मोठ्या बोआच्या मालकाने सुटी जाड सळई घ्यावी. पहिल्यांदा प्रोब करणाऱ्याने मात्र सळई विकत घेण्याआधी सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्याशेजारी उभं राहून एकदा बघावं.