नुसतं बोलायचं की रंगही हातात घ्यायचे?

‘मला कुठे चित्र येतं? एलिमेंटरीला सी ग्रेड होती माझी!’ असं म्हणून बरेच जण आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्रं, रंग, माती यांच्या मदतीने होणाऱ्या मानसोपचाराचा, विचार तिथल्या तिथे सोडून देतात. समुपदेशकाकडे जायचं ठरवलं असेल आणि बोलून मोकळं व्हावं की चित्रांची वाट धरावी, असा घोळ मनात असेल, तर आधी ही ग्रेड विसरा. तिथे शेडिंग कुणी तपासत नाही.

बोलण्यातून चालणारं समुपदेशन आपल्या ओळखीचं आहे. दोन खुर्च्या, पाऊण तास ते तासभर वेळ, आणि मध्येच न तोडता ऐकणारं माणूस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेली गोष्ट आजही या कामाच्या मुळाशी आहे: समोरच्याला कसलीही अट न घालता स्वीकारायचं. नोकरी सोडू का, घटस्फोट घेऊ का, आईशी रोज वाद का होतात, अशा प्रश्नांसाठी मी आधी हीच वाट सांगेन. इथे गुंता शब्दांत मांडता येतो आणि शब्दांनीच सुटत जातो.

पण काही दुखणी शब्दांपर्यंत पोचतच नाहीत. लहानपणी झालेला अत्याचार, अचानक गेलेलं माणूस, मोठं आजारपण. आर्ट थेरपीचा उगम आजारपणातच आहे. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये पडून होते, तिथे चित्रं काढता काढता त्यांना आधार वाटू लागला, आणि १९४२ मध्ये त्यांनी ‘आर्ट थेरपी’ हा शब्द वापरात आणला.

या पद्धतीतली माया कशात असते, तर साधन निवडण्यात. आधीच भरून आलेल्या माणसापुढे जाणता थेरपिस्ट जलरंग ठेवत नाही. ते पसरतात, आवरत नाहीत, आणि त्यांच्यासोबत माणूसही वाहवत जाऊ शकतो. अशा वेळी पेन्सिल किंवा जुन्या मासिकांची कात्रणं बरी, कारण ती हाताच्या ताब्यात राहतात. उलट जो सगळं नीटनेटकं समजावून सांगतो, पण आतून कोरडा ठणठणीत आहे, त्याच्या हाती माती द्यावी. म्हणून माझं मत जरा उलटं आहे: अबोल माणसाइतकीच ही वाट फार छान बोलणाऱ्यालाही लागू पडते. स्वतःच्या दुःखावर भाषण देता येणाऱ्या माणसाला मातीचा गोळा गप्प करतो.

पुरावा काय म्हणतो? २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते बनवू दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. प्रयोग छोटा होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) असलेल्या ४१७ जणांवरचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड देऊन वेगळा फायदा दिसला नाही, आणि पुष्कळ जण सत्रांना फिरकलेच नाहीत. थोडक्यात, औषधांची गरज असेल तर ती मानसोपचारतज्ज्ञांकडूनच घ्यायची. रंग त्यांच्या सोबतीला.

आता निवडताना खरी अडचण कुठे येते ते सांगते. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. आपल्याकडे रविवारची मंडला (गोलाकार नक्षी काढण्याची) कार्यशाळाही ‘थेरपी’ म्हणून विकली जाते. कार्यशाळा वाईट नसते, मन रमतं. पण तिथे तुमचं काही उसवलं तर पुढच्या आठवड्यात ते शिवायला कुणी नसतं. मी अशाच एका ठिकाणी काळ्या खडूने झाड काढलं, तर बाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘तुम्हाला डिप्रेशन आहे.’ खरं तर डब्यात काळा खडू तेवढा अखंड उरला होता! चित्र पाहून पत्रिका मांडणाऱ्यापासून लांब राहा. चांगला थेरपिस्ट विचारतो, ‘या झाडाबद्दल काही सांगाल?’ आणि तुम्ही नाही म्हणालात तरी चालतं.

दोन्ही शिकलेली व्यक्ती मिळाली तर उत्तम: आज बोला, पुढच्या वेळी रंग घ्या. ती नाही मिळाली, तर पद्धतीपेक्षा माणूस बघून ठरवा. तीन-चार सत्रांनंतरही तिथे रडायला संकोच वाटत असेल, तर तसं सांगून बदला. जीव नकोसा झाला असेल, तर मात्र ही तुलना बाजूला ठेवून आत्ताच १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर फोन करा.

आणि भेट ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: माझी चित्रं कुणाकडे राहतील, आणि ती आणखी कुणाला दाखवणार का? इन्स्टाग्रामवर ‘क्लायंटचं काम’ म्हणून फोटो टाकणारेही असतात. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा नंबर लावा.