नऊ महिने, मुरबाडचे रस्ते आणि एकवीस गिअरची सायकल

नौपाड्यातला फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं जूनमध्ये मुरबाडजवळ राहायला आलो, आणि येताना ठाण्यातूनच ही हायब्रिड सायकल घेतली. २३ हजारांच्या आसपास. दुकानदार म्हणाला, "मॅडम, रोडवर चालेल, ऑफ-रोडही चालेल." घोडबंदर रोडला रोड म्हणणाऱ्याच्या बोलण्यावर किती विसंबायचं हे तेव्हाच कळायला हवं होतं. आज मीटरवर १,८४० किलोमीटर दिसतायत, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी पंक्चरबद्दल, कारण त्याने सगळ्यात जास्त रडवलं. दुसऱ्याच आठवड्यात म्हसा रस्त्यावर बाभळीचा काटा घुसला. सायकल ढकलत नाक्यावरच्या पंक्चरवाल्यांकडे नेली. त्यांनी काटा काढला, पॅच मारला, कॉम्प्रेसरचा पाइप लावला, काढला, परत लावला आणि म्हणाले, "मावशी, हिचं तोंडच बारीक हाय!" ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह होता. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हपेक्षा तो बारीक, आणि हवा भरण्याआधी टोकाचा स्क्रू सैल करावा लागतो. रिमचं भोकही त्याच मापाचं, म्हणजे जाड व्हॉल्व्हची ट्यूब घालायची सोय नाही. शेवटी यांना फोन करून गाडी मागवली. उपाय म्हणजे पितळेचा टिचभर अॅडाप्टर. दुकानात कुणी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी दोन मागवले. एक हातपंपाच्या पिशवीत असतो, दुसरा पंक्चरवाल्या दादांनी कॉम्प्रेसरच्या खिळ्याला सुतळीने बांधून ठेवलाय. पंचक्रोशीत असली सायकल माझी एकटीचीच, पण सोय चोख आहे.

गिअर पुढे तीन, मागे सात. पुढचं मोठं चेनव्हील मी नऊ महिन्यांत दहा वेळाही वापरलं नसेल. लहान चेनव्हील आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र मात्र रोज लागतं. बावन्नाव्या वर्षी, एका कुरकुरणाऱ्या गुडघ्यासकट, बारवी धरणाकडचे चढ न उतरता चढते ते या जोडीच्या जोरावर. वेग चालण्याइतकाच पडतो. एकदा डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईने मला मागे टाकलं आणि वळून विचारलं, "गाडी बिघडली का गं?"

त्या रस्त्यासाठी मात्र सायकल हवीच. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. पावसात पानं एवढी मोठी की पाऊस थांबला तरी झाडं पंधरा मिनिटं गळत राहतात. आता फेब्रुवारीत तीच पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात, आणि शेतांकडून राब भाजल्याचा धूर येतो. धरण एमआयडीसीचं. डोंबिवली एमआयडीसीत राहणाऱ्या माझ्या बहिणीला मी वरचेवर सांगत असते, तुझ्या नळाचं पाणी सकाळी बघून आले. मी नोकरीत असताना नौपाड्यातून वागळे इस्टेटला जायचे, आणि बघायला मिळायचा तो तीन हात नाक्याचा सिग्नल.

ब्रेक साधे, केबलवर चालणारे डिस्क. कोरड्यात उत्तम. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल उडून डिस्कवर बसला की असे किंचाळतात की म्हशी आपणहून बाजूला होतात. घंटी त्यामुळे पावसाळाभर बेकार. केबल सैल झाली तर लिव्हरजवळचा छोटा नट बोटांनी फिरवून ताणता येते, ते यांनीही शिकून घेतलं. चेनच्या बाबतीत आळस अजिबात चालत नाही. भिजलेली सायकल एक रात्र तशीच ओटीवर ठेवली, तर सकाळी चेन तांबूस. आता आल्याआल्या फडक्याने पुसते, मग तेल.

मडगार्ड आणि स्टँड वेगळे घ्यावे लागले, हे मला पटलेलं नाही. आणि फुकट सर्व्हिसचं तर सांगूच नका. सायकल गाडीत घालून ठाण्याला नेली, तर "पार्ट आला नाही" म्हणत नऊ दिवस ठेवून घेतली आणि गिअर होते तसेच करकरत परत दिले. पुढच्या दोन सर्व्हिस मी सोडून दिल्या.

पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेलाही हिच्यावरून गेले. शेवटचा टप्पा उतरून चालावा लागला, एवढे बैल आणि टेंपो. येताना कॅरिअरवर घोंगडी बांधून आणली, ओझं जाणवलं नाही.

घेणार असाल तर उंची सांगून फ्रेमचा साइज बघून घ्या. मी पाच फूट दोन इंच, मला स्मॉल बसली. सीट कडक आहे, मी दोन महिन्यांनी बदलली. टायर मात्र पातळ घेऊ नका, माझे ३८ मिलिमीटरचे आहेत आणि पुढच्या वेळी त्याहून जाडच घेईन. अॅडाप्टर मात्र बिलाबरोबरच मागून घ्या. आमच्याकडे आलात तर नाक्यावरच्या खिळ्याला एक आहेच.