कोकणातली 'गाइडेड' बाइक राइड आणि पांढरी नंबर प्लेट

जाहिरातीतला मार्ग असा होता: ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बाणकोटची खाडी फेरीबोटीने ओलांडून केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, जयगड आणि शेवटी आरे-वारेवरून रत्नागिरी. घाट संपला की समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली जायचं. माणशी 18,500 रुपये. त्यात बुलेट, पेट्रोल, राहणं-जेवण, पुढे लीड रायडर आणि मागे मेकॅनिकसह बॅकअप गाडी. वर 5,000 रुपये डिपॉझिट, परत मिळणारं. पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले, 'कंपनीच्या अकाउंटचं काम चालू आहे' म्हणून. मी आणि माझ्या मेव्हण्याने ते भरले.

निघायच्या पहाटे चांदणी चौकात गाड्या मिळाल्या. सगळ्यांना पांढऱ्या नंबर प्लेट. भाड्याने चालवायला देण्याच्या दुचाकीला काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असतात, गोव्यात गाडी घेतलेल्या कुणालाही ते माहीत असतं. मेव्हण्याने विचारलंच. लीड रायडर हसून म्हणाला, "दादा, क्लबच्या मेंबरांच्या गाड्या आहेत. तुम्हीपण आजपासून मेंबर." मग फॉर्म आला. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: गाडी मित्रत्वाच्या नात्याने वापरायला घेतली असून त्याबद्दल कोणतंही भाडं दिलेलं नाही. सही केल्याशिवाय किल्ली नाही, आणि पैसे तर आधीच गेलेले. शिवाय 'सेफ्टीसाठी' मूळ लायसन्स त्यांच्याकडे. "रस्त्यात अडवलं तर डिजिलॉकरवर दाखवा, चालतं." ते चालतं हे खरं आहे. पण कुणा खासगी माणसाला तुमचं लायसन्स ठेवून घ्यायचा अधिकार नाही, हेही तितकंच खरं.

माणगावला पहिली टोपी घातली. बाणकोट खाडीवरची बागमांडला-वेशवी फेरी बंद आहे म्हणे, म्हणून हायवेनेच जायचं. मग महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण. समुद्राच्या नावाने ट्रकचा धूर. रात्री गुहागरला खानावळीच्या मालकांनी सांगितलं की त्यांचा भाचा दुपारीच त्या फेरीने आला. बॅकअप गाडीचंही तसंच. ती कायम 'पुढे गेलीय' असायची. एवढी पुढे गेलेली गाडी शेवटपर्यंत कुणाला दिसली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. खरा खेळ आरे-वारेच्या उतारावर झाला. वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली, मेव्हण्याचा पुढचा ब्रेक लागेना. मागच्यावर जोर दिला तशी गाडी घसरली. वेग कमी होता म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावलं. गाडीचा इंडिकेटर फुटला, लीव्हर वाकली, क्रॅशगार्ड घासला. रत्नागिरीतल्या मेकॅनिकने पुढचं चाक बघितलं आणि कपाळाला हात लावला: ब्रेक पॅड पार संपलेले, लोखंडावर लोखंड घासत होतं.

पुण्यात आल्यावर व्हॉट्सअॅपवर 32,000 रुपयांचा हिशेब. त्यात सायलेन्सर, टाकीचा रंग, हँडल, आणि शेवटच्या ओळीत 'गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडं'. ज्या गाडीचं भाडंच घेतलं नाही असं लिहून घेतलं, तिचं बुडालेलं भाडं! फोन केला तर आवाज एकदम बदललेला. "पोलिसांत जा ना. सही तुमची आहे. भाड्याने घेतली म्हणालात तर विनापरमिट गाडी चालवली म्हणून तुम्हीच अडकाल. इन्शुरन्सवाले तर दारातही उभे करणार नाहीत."

यात थोडं खरं होतं, म्हणून तर ते चालतं. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने देणं वगळलेलं असतं, त्यामुळे विमा कंपनी दावा नाकारू शकते. समोर दुसरा कुणी जखमी झाला असता तर काय, हा विचार आजही नको वाटतो. पण परमिट आणि परवाना काढायचं काम धंदा करणाऱ्याचं. त्यासाठी 1997 पासून 'रेंट अ मोटरसायकल' योजना आहे, आणि परवान्याला किमान 5 गाड्या लागतात. तो न काढता पैसे कमवायचे आणि त्याच बेकायदेशीरपणाची भीती गिऱ्हाइकाला घालायची, असा हा उलटा धंदा. लायसन्स अडकलेलं, मेव्हण्याला ते नोकरीसाठी हवं होतं. डिपॉझिट सोडून वर 12,000 रुपये दिले तेव्हा ते परत मिळालं.

मग माझ्या भाचीने त्यांच्याच जुन्या रील्स चाळल्या. आमच्या राइडच्या आधीच्या एका रीलमध्ये तीच गाडी, तोच नंबर, आणि सायलेन्सरवर तोच पोचा, ज्याचे आमच्याकडून पैसे घेतले होते. तिने लगेच स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. हे कळवल्यावर रील गायब झाली.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार करतोय. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. पैसे भरूनही ट्रिप निघालीच नाही, समोरचा गायब झाला, असं असेल तर तासाचाही उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

बुकिंगआधी गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवहन अॅपवर टाका. विमा, पीयूसी आणि गाडीचा वर्ग तिथे दिसतो. किल्ली हातात येताच गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, सायलेन्सर आणि ब्रेक पॅडसकट.

परवा ऑफिसातल्या एकाने त्यांना गिऱ्हाईक बनून फोन केला. सगळं गोड बोलणं झालं. गाड्यांचे नंबर पाठवा म्हटल्यावर उत्तर आलं, "नंबर निघायच्या दिवशीच मिळतात सर. बाकी शेवटच्या तीन सीट राहिल्यात."