७० जीएसएम नॅचरल शेड मॅपलिथो: दिवाळी अंक छापून झाल्यावर

यंदा अंकासाठी मॅपलिथोचे, म्हणजे छपाईच्या बिनचकाकीच्या कागदाचे, २३ बाय ३६ इंची ४० रीम (रीम म्हणजे ५०० तावांचा गठ्ठा) घेतले. ७० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजन, आणि नॅचरल शेड म्हणजे किंचित पिवळसर छटा. कागद मनापासून आवडला. पाठचा मजकूर फारसा दिसत नाही, बारीक टाइपातले रफार, अनुस्वारसुद्धा स्वच्छ उठतात. रात्री प्रुफं वाचताना डोळे शिणले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या कागदाच्या कडा ओल धरून लहरल्या होत्या. रंगावर रंग बसेना; २ रीम रद्दीत गेले, फार वाईट वाटलं. या वेळी वेष्टण पक्कं होतं, तरी खोलीच्या तापमानाला यावेत म्हणून रीम रात्रभर मशीनजवळ बंदच ठेवले आणि सकाळी फोडले.

फोटोंची पानं मात्र यावर नकोत. शाई जिरते, काळा फिका पडतो. तिथे लेप दिलेला गुळगुळीत आर्ट पेपरच हवा.