पुस्तकासाठी पैसे देऊन प्रूफरीडर लावला, वर्षभरानंतरचा अनुभव

पहिली फाइल पाठवली त्याला वर्ष होत आलं आणि पुस्तक येऊन पाच महिने झाले, त्यामुळे राग वगैरे सगळा बसलाय, आता लिहायला हरकत नाही.

पुस्तक माझ्या बाबांवर आहे, अकोल्याकडच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमधे त्यांची सगळी नोकरी गेली. 58 हजारांच्या वर शब्द झाले. आधी अर्थातच पैसे वाचवायचे म्हणून भाच्याला दिलं, त्याने फाइल कुठल्याशा स्पेलचेकमधून काढली आणि 'सरकी'चं, म्हणजे कापसाच्या बियांचं, सगळीकडे 'सरकारी' करून दिलं. म्हणजे बाबा रोज संध्याकाळी सरकारी पोती मोजतायत आणि आजी म्हशीसाठी रात्रीच सरकारी भिजत घालतेय. त्या दिवशी ठरवलं की माणूसच पाहिजे.

ओळखीतून पुण्याच्या एक ताई मिळाल्या. आधी पाच पानं मागवून तपासून दाखवली, पैसे न घेता. त्या पाच पानांतच माझे 'महत्व', 'पारंपारिक' आणि 'दिड' सापडले, आणि मी स्वतःला शुद्ध लिहिणारा समजत होतो. दर पानाला 25 रुपये, पान म्हणजे 300 शब्द, एकूण 4,875 झाले. तीन आठवडे म्हणाल्या, लागले सहा. मधे फोन उचलायच्या नाहीत, हे मात्र आवडलं नाही.

पण फाइल परत आली तेव्हा बाजूला 200 च्या वर शंका लिहिलेल्या, आणि खरे पैसे तिथे वसूल झाले. ह्रस्व-दीर्घ काय, नियम माहीत असलेला कुणीही सुधारेल. मी एका प्रकरणात पोळ्याच्या रात्रीचं टिपूर चांदणं लिहिलं होतं, चांगलं अर्धं पान, माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात भारी तुकडा. त्यावर एकच ओळ, "सर, पोळा अमावस्येला असतो ना?" मी बसलो डोक्याला हात लावून. आठवण पक्की आहे हो, पण ती कोजागिरीची असणार, बैल दुसऱ्याच कुठल्या दिवशीचे. आणि 41 पानावर वारलेली आजी 118 पानावर डबा घेऊन फाटकात उभी, तेही त्यांनीच पकडलं.

दुसरी गोष्ट, बाबांची 1957 ची पत्रं मी जशीच्या तशी टाकली होती, 'नाहीं', 'घरांत', 'त्यामुळें' अशी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले 1962 ला, तेव्हा हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ताईंनी पत्रांना हातच लावला नाही, फक्त विचारलं की मूळ ठेवायचं ना. आणि मी पत्र उतरवताना दोन ठिकाणी आजच्या सवयीने अनुस्वार खाल्ला होता तिथे खूण करून ठेवली, मूळ कागद बघा म्हणून. याला म्हणतात काम.

सगळंच गोड नव्हतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आई भाजीवर सांबार टाकते असं मी लिहिलेलं, ताईंनी न विचारता 'कोथिंबीर' केलं, सगळीकडे. मी सगळीकडे परत सांबार केला. बाबा बोलताना 'मले काय मालूम' म्हणतात ते ठेवलं त्यांनी, पण तेच बाबा चार पानं पुढे 'मला' म्हणतात, एकदा काय ते ठरवा, असं लिहिलं. यात चूक माझीच. ते ठरवण्यात माझे आठ दिवस गेले.

आता माझा गाढवपणा, कुणी पुस्तक काढत असेल तर हे वाचाच. तपासून आलेल्या फाइलमधली दोन प्रकरणं मी नंतर परत लिहिली, हात शिवशिवतात ना, आणि ती न दाखवता तशीच पुढे दिली. शिवाय पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याने युनिकोडमधली फाइल त्याच्या पेजमेकर सॉफ्टवेअरसाठी जुन्या फॉन्टमधे कन्व्हर्ट केली, त्यात 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' आणि 'पऱ्हाटी'चं (कापसाचं झाड) 'पर्हाटी' झालं, पानोपानी. ताईंनी आधीच सांगितलं होतं की पानं लागल्यावर पीडीएफ परत दाखवा, त्याचे पानाला 10 रुपये. 224 पानं, म्हणजे 2,240 रुपये. मला वाटलं एकदा तपासलंय तर परत कशाला, पण ते 'पर्हाटी' बघून मुकाट्याने पाठवली. चार दिवसांत आली. त्या दोन नव्या प्रकरणांतच निम्म्याच्या वर चुका होत्या. ते 2,240 वाचवले असते तर आज तोंड लपवून बसलो असतो.

तरी थोडं लपवतोच. आतली पानं दाखवली, कव्हर दाखवायचं सुचलंच नाही, मागचा मजकूर मीच रात्री टाइप करून डिझायनरला व्हॉट्सअॅप केला होता. 500 प्रती छापून आल्या, समारंभ झाला, फोटो झाले, आणि तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन, "काऊन रे, कुटुंबातला टु दीर्घ असते का?" मलपृष्ठावर पहिल्याच ओळीत, मोठ्या टायपात, 'एका कुटूंबाची कहाणी'.

ताईंना एक प्रत पाठवली. त्यांचा मेसेज आला, पुस्तक छान झालंय, आणि खाली, कव्हर कुणी तपासलं? अजून 140 प्रती दिवाणाखाली आहेत.